खडीच्या खाणीतला सण

टर्की ओव्हनमध्ये मावत नव्हती.

अँब्रोजने ती आधी सरळ घालून पाहिली, मग आडवी, मग पाय वर करून. दर वेळी ओव्हनचं दार तिच्या कुठल्या तरी अवयवाला अडून उघडंच राहिलं. शेवटी गुडघ्याने दार दाबत तो म्हणाला, "मी ओव्हन मोजूनच टर्की आणली होती."

"ओव्हन मोजलात, बाबा," डल्सी म्हणाली. "टर्की मोजायची राहिली."

"दुकानात ती गोठलेली होती. गोठलेली वस्तू आकसते."

"पाणी गोठल्यावर आकसतं का?"

डल्सी सेंट जॉन्सला शाळेत विज्ञान शिकवायची आणि माहेरी आली तरी शिकवणं काही थांबवायची नाही. अँब्रोजने तिच्याकडे बघितलं आणि गुडघा आणखी जोराने दाबला.

डल्सीची आई व्हर्ना खिडकीपाशी सलगम सोलत बसली होती. काल सकाळी घरून निघाल्यापासून ती फारशी बोललीच नव्हती, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. कारण बाकीचे चौघे तिच्याच वतीने बोलण्यात गुंतले होते.

बाहेर जे पडत होतं त्याला पाऊस म्हणावं तर त्यात बर्फाची कणी होती, आणि बर्फ म्हणावं तर ते जमिनीवर टिकत नव्हतं. महामार्ग बांधताना खणलेली ही खडीची जुनी खाण. खाली तळं, वर रस्ता, तिन्ही बाजूंना स्प्रूसची काळपट झाडी. अँब्रोजची टिझर्ड मंडळी पिढ्यान्‌पिढ्या इथंच मुक्काम टाकत आलेली. उन्हाळ्यात इथे गाड्यांची जत्रा भरायची, शेकोट्या पेटायच्या, कुणीतरी अकॉर्डियन काढायचं. ऑक्टोबरात मात्र थँक्सगिव्हिंगच्या सणाला शहाणी माणसं घरात चुलीपाशी बसतात. खाणीत आज एकच गाडी होती.

ही गाडी पूर्वी गावोगाव पाव पोचवायची. बाजूला रंगवलेली पावाची लादी अजून पुसटशी दिसत असे. अँब्रोजने उन्हाळाभर अंगणात खपून तिचं घर केलं होतं. पलंग, शेगडी, बेसिन, घडीचं टेबल, डोक्यावर उघडमिटीचा झरोका. काम देखणं झालं होतं यात वादच नाही. आयुष्यभर तो तेलविहिरींना सामान पोचवणाऱ्या जहाजांवर इंजिन सांभाळत आला होता, त्याच्या हाताखालून गेलेला एकही स्क्रू सैल राहायचा नाही. मार्चमध्ये तो निवृत्त झाला, आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, सगळे जेवायला जमले असताना, त्याने काटा खाली ठेवून जाहीर केलं की बंदरावरचं घर विकायचं आणि त्याने नि व्हर्नाने या गाडीत राहायचं. कायमचं. आधी पश्चिमेला व्हँकुव्हरपर्यंत, मग जिकडे रस्ता नेईल तिकडे.

घराला गिऱ्हाईकही मिळालं होतं. कॅलगरीच्या एका जोडप्याला पडवीतून दिसणारा समुद्र फार आवडला होता. त्यांना मंगळवारी हो की नाही कळवायचं होतं. पोरांनी गदारोळ केला तेव्हा अँब्रोज म्हणाला, "थँक्सगिव्हिंगला सगळे मिळून गाडीत राहून बघू. पाच जण राहू शकले तर दोघांना तो राजवाडा."

म्हणून आज हे पाच जण या राजवाड्यात एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसले होते, आणि टर्की बाहेर होती.

"बाबा, तुमची लोखंड कापायची करवत कुठं आहे?" फिलोमिनाने विचारलं.

फिलोमिना म्हणजे सून, क्लेटनची बायको. सेंट मेरीज उपसागराकडच्या कॅथलिक घरातली, भावंडांच्या फौजेत वाढलेली. गर्दीचं तिला काही वाटत नसे आणि सांडलवंडीचं तर त्याहून नाही.

"करवत इंजिनाच्या पेटीत आहे. कशाला?"

"टर्की कापते."

"ती करवत इंजिनाची आहे."

"धुऊन घेते की."

अँब्रोजने मुलाकडे पाहिलं. क्लेटनने खांदे उडवले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर फिलोमिनाला कुठे अडवायचं नाही हे त्याला पाठ झालं होतं. करवत आली, उकळत्या पाण्याने धुतली गेली, आणि फिलोमिना घडीच्या टेबलावर टर्कीचा कणा कापायला लागली. टेबल हलू लागलं. टर्की निसटू लागली.

"कुणीतरी पाय धरा हिचे," ती म्हणाली.

डल्सी उठली आणि तिने पाय धरले.

व्हर्नाच्या हातातलं सलगम तसंच राहिलं. आजीच्या पायपेटीची वाटणी झाली आणि ती पेटी फिलोमिनाच्या बैठकीत गेली, तेव्हापासून या नणंद-भावजया एका खोलीत बसल्या तरी एकीचं तोंड पूर्वेला तर दुसरीचं पश्चिमेला. आणि आज एकीच्या हातात करवत, दुसरीच्या हातात तंगड्या, नि दोघी एका तालात पुढेमागे होत होत्या.

"जरा तिरकी धर," फिलोमिना म्हणाली.

"तू सरळ काप. हाड वाकडं आहे."

"हाड सरळच आहे, तू ओढतेयस."

"दोघींचं बरं जमतंय," क्लेटन म्हणाला. त्याच्या आवाजात कौतुकापेक्षा धास्ती जास्त होती.

त्याचं कारणही तसंच होतं. या प्रवासाला निघताना फळ्या ठरलेल्या होत्या. डल्सीचं म्हणणं, घर खुशाल विका, पण आईला या डब्यात कोंबू नका, ती माझ्याकडे येईल. माझं तळघर कोरडं आहे, स्वतंत्र दार आहे. क्लेटनचं म्हणणं, आईबाबांना फिरायचं तर फिरू देत, पण घर विकू नका, मी उन्हाळ्यात ते पाहुण्यांना भाड्याने देईन. अँब्रोजचं म्हणणं सगळ्यांना माहीत होतं. फिलोमिना नवऱ्याच्या बाजूची धरलेली. आता ती नणंदेला मिळाली तर क्लेटनची बाजू एकट्या क्लेटनचीच उरत होती.

टर्कीचे दोन तुकडे झाले. अर्धी ओव्हनमध्ये गेली, दार लागलं. फिलोमिनाने कपाळ पुसलं. तेवढ्यात वरच्या झरोक्यातून गार पाण्याची धार नेमकी डल्सीच्या मानेवर पडली.

डल्सी ओरडली नाही. ती हळूच बाजूला सरकली, वर बघितलं आणि वडिलांना म्हणाली, "इथे आईला झोपवणार तुम्ही? फेब्रुवारीत?"

"फेब्रुवारीत आम्ही इथे नसणार. कोमट हवेच्या ठिकाणी असू."

"झरोका तर बरोबरच येणार ना?"

"झरोक्याचं रबर अजून बसलेलं नाही. नवं आहे. बसेल."

"आईच्या गुडघ्यांचं काय? पलंगावर चढायला शिडी लागते."

"तुझ्या तळघराला जिना नाही?" क्लेटन मध्ये पडला.

"जिन्याला कठडा असतो. आणि तू तर बोलूच नकोस. तुला आईचे गुडघे दिसत नाहीत, तुला आईच्या खोलीत पाहुणे दिसतात."

"मी घर वाचवतोय. तू ते कॅलगरीवाल्यांच्या घशात घालतेयस."

"तू वाचवत नाहीयेस, धंदा करतोयस."

"क्लेटन," फिलोमिना म्हणाली, "ती खरंच बोलतेय. मागच्या आठवड्यात तू आईच्या पलंगाचे फोटो काढलेस."

अँब्रोजने मुलाकडे पाहिलं. "आमच्या पलंगाचे?"

"उजेड चांगला होता," क्लेटन पुटपुटला.

व्हर्ना सोललेलं सलगम चिरत राहिली. तिच्या गुडघ्यांबद्दल, तिच्या पलंगाबद्दल आणि तिच्या फेब्रुवारीबद्दल सगळ्यांनी मतं मांडली होती. शेगडीवर खारवलेल्या मांसाचं पातेलं उकळत होतं, त्यात सलगम नि कोबी टाकायला ती उठली.

"कुठं चाललीस?" अँब्रोजने विचारलं.

गाडी आतून जेमतेम चार ढांगांची. ती कुठे जाणार होती?

"शेगडीपाशी," ती म्हणाली.

हेच ते. मार्चपासून ती हे ऐकत होती. खुर्चीतून उठली की "कुठं चाललीस?" कोंबड्यांना दाणे टाकायला निघाली की "कुठं चाललीस?" न्हाणीघराचं दार लावलं तरी बाहेरून तेच. रागाने नव्हे, संशयाने तर मुळीच नव्हे, प्रेमानेच. म्हणूनच त्यावर काही बोलता येत नसे.

चाळीस वर्षं त्यांचा संसार भरती-ओहोटीसारखा चालला होता. अँब्रोज पंधरा दिवस समुद्रावर, पंधरा दिवस घरी. तो येणार त्या दिवशी ती केस कुरळे करून घ्यायची, पाव भाजायची, पायऱ्या धुऊन काढायची. तो यायचा, डिझेलचा वास, मोठा आवाज, किश्शांची पोतडी घेऊन. घर त्याने भरून जायचं. आठवडाभर मजा. मग हळूहळू तो तिच्या पायात यायला लागे, ती त्याच्या. आणि नेमकं एकमेकांना बोलायच्या आत पंधरा दिवस भरत. ती त्याला दारातून निरोप द्यायची, डोळे खरंच भरून यायचे, आणि गाडी वळणाआड गेली की ती आत येऊन चहा टाकायची आणि पलंगावर तिरकी पसरायची. एकटी. अख्खं घर तिचं. मुलं लहान होती तेव्हासुद्धा ते घर तिचंच होतं. छपराच्या फळ्या तिने ठोकल्या, ट्रक तिने चालवला, गोठलेले नळ तिने सोडवले. लोक हळहळायचे, बिचारी व्हर्ना, एकटी. तीही मान हलवायची. खरं कुणाला सांगणार, आणि सांगून कुणाला पटणार?

मार्चमध्ये तो आला आणि गेलाच नाही. सोळाव्या दिवशी सकाळी ती सवयीने त्याच्या डब्यासाठी पाव कापायला लागली आणि हात तिथेच थांबला. एप्रिलमध्ये त्याने तिची स्वयंपाकघरातली फळी जहाजाच्या कोठारासारखी लावली, सगळं अक्षरांप्रमाणे. मे महिन्यात कप टांगायला आकडे ठोकले, घर डुलल्यावर पडू नयेत म्हणून. ते घर शंभर वर्षांत कधी डुललं नव्हतं.

"वारा फिरला," अँब्रोज बाहेर बघत म्हणाला. झरोक्यावर बांधलेली ताडपत्री फडफडायला लागली होती. मुलांच्या बोलण्याने तो दुखावला होता, आणि दुखावलं की त्याला काहीतरी दुरुस्त करावं लागे. "गाडी त्या झाडीच्या आडोशाला घेतो."

"बाबा, तिकडे जमीन मऊ आहे," क्लेटन म्हणाला.

"मी या खाणीत तू जन्मायच्या आधीपासून येतोय."

"तेव्हा तिथे तळं नव्हतं, आता आहे."

पण अँब्रोज स्टिअरिंगवर बसलाही होता. व्हर्नाने शेगडी बंद केली, फिलोमिनाने पातेलं दोन्ही हातांनी धरलं. गाडी मागे गेली, आणखी मागे गेली, आणि मग मागची चाकं अगदी सावकाश, आरामखुर्चीत बसावं तशी, चिखलात बसली.

जमीन कलली. टेबलावरचं टर्कीचं उरलेलं अर्धं शरीर घसरत जाऊन डल्सीच्या मांडीवर विसावलं. तिने ते दोन्ही हातांनी धरलं आणि तशीच बसून राहिली.

"कुणी हलू नका," अँब्रोज म्हणाला. मग त्याने इंजिनाचा जोर वाढवला. गाडी आणखी कलली.

"खाली उतरा सगळे," फिलोमिना म्हणाली. पातेलं तिच्या छातीशी होतं आणि त्यातला थेंबही सांडला नव्हता.

एकेक जण चिखलात उतरला. पाऊस आडवा येत होता. अँब्रोज आणि क्लेटन, जे तासाभरापूर्वी एकमेकांशी बोलायला तयार नव्हते, ते आता चाकाशी उकिडवे बसून एकमताने माना हलवत होते. दोघांनी झाडीतून स्प्रूसच्या फांद्या तोडून आणल्या आणि चाकांखाली कोंबल्या.

"ढकलावं लागेल. वजन कमी असलेलं माणूस स्टिअरिंगवर पाहिजे," क्लेटन म्हणाला.

चौघांनी व्हर्नाकडे पाहिलं. सगळ्यात बुटकी, सगळ्यात हडकुळी तीच होती.

"आईच्या गुडघ्याला क्लच झेपणार नाही," डल्सी म्हणाली.

व्हर्ना वर चढून बसली. अँब्रोज खिडकीशी आला. पावसाचं पाणी त्याच्या भुवयांवरून गळत होतं.

"पहिल्या गिअरमध्ये टाक. क्लच हळू सोड. मी सांगेन तेव्हाच."

"माहीत आहे मला."

"चाकं सरळ ठेव. जोरात रेस करू नकोस."

"अँब्रोज, मागे जा आणि ढकल."

तो गेला. चौघांनी खांदे लावले. व्हर्नाने क्लच सोडला, गाडी कुरकुरली, फांद्यांवर चढली, घसरली, पुन्हा चढली, आणि सुटली. मागून कुणीतरी चिखलात उपडं पडल्याचा आवाज आला. पण मऊ जमिनीत थांबायचं नसतं हे व्हर्नाला ट्रक चालवून माहीत होतं. ती थांबली नाही. चढ चढून, वळण घेऊन, वर रस्त्यालगतच्या घट्ट खडीवर आल्यावरच तिने इंजिन बंद केलं.

मग शांतता झाली.

पत्र्यावर पाऊस वाजत होता, तेवढाच. खालून हाका येत असाव्यात, पण वारा त्या उलट दिशेने नेत होता. व्हर्ना स्टिअरिंगवरून उठली, मागे गेली, आणि कुणी काही विचारलं नाही. तिने लोणी लावून पावाचा तुकडा घेतला, त्यावर घरचा लाल बोरांचा मुरंबा पसरला. पलंगाच्या कडेला टेकून तिने तो सावकाश खाल्ला. गाडी खरंच छान झाली होती. खिडकीला लाकडाची चौकट, फळीला पितळेच्या बिजागऱ्या. एकट्या माणसाला तर फारच छान. हा विचार तिच्या मनात आला आणि पाव तोंडातच राहिला.

थोड्या वेळाने दारावर थाप पडली.

"व्हर्ना? बरी आहेस ना?"

"बरी आहे."

"मग दार उघड."

"थांब जरा."

बाहेर कुजबुज झाली. "आत काय करतेयस?"

"बसलेय."

"आईला धक्का बसलाय," डल्सीचा आवाज. "मी म्हटलं होतं. हे सगळं तिच्या वयाला झेपणारं नाही."

"तुझ्या तळघरात तिला धक्के बसणार नाहीत, कारण तिथे काही घडतच नाही," क्लेटन म्हणाला.

"निदान पाहुणे तरी घुसणार नाहीत."

"गप्प बसा दोघेही," फिलोमिना म्हणाली. "सप्टेंबरपासून तुमचं हेच चाललंय. त्यांना काय हवंय ते त्यांना विचारलंय का कुणी?"

कुणीच विचारलं नव्हतं. अँब्रोजनेही नव्हतं.

व्हर्नाने दार सरकवलं. पायरीखाली चौघे ओळीने उभे होते. फिलोमिनाने पातेलं अजून धरून ठेवलं होतं. डल्सीच्या काखेत अर्धी टर्की. अँब्रोज कानापासून बुटांपर्यंत चिखलाने माखलेला. पडला होता तो तोच.

"सांगते," व्हर्ना म्हणाली. "घर विकायचं नाही. डल्सी, मी तुझ्या तळघरात येणार नाही. तुझं घर छान आहे, पण मी तळघरात ठेवायला बटाटा नव्हे. क्लेटन, माझ्या पलंगाचे फोटो काढून टाक."

"टाकतो," क्लेटन म्हणाला.

"आणि गाडी?" अँब्रोजने विचारलं.

"गाडी उत्तम आहे. तुझ्यासाठी."

"मी ती तुझ्यासाठी बांधली." तो म्हणाला. "चाळीस वर्षं तुला एकटं टाकून मी समुद्रावर गेलो. आता उरलेले दिवस तुला एक क्षण एकटं सोडायचं नाही, असं ठरवलं होतं मी. जहाजावर शेवटची दोन वर्षं मी दुसरा विचार केला नाही."

व्हर्ना पायरीवर खाली बसली, म्हणजे तिचं तोंड त्याच्या तोंडासमोर आलं.

"मला कुणी टाकलं नव्हतं, अँब्रोज. मी मजेत होते."

अँब्रोजने बाहीने डोळ्यांवरचा चिखल पुसला.

"तू गेलास की मी रडायचे. खोटं नाही रडायचे. मग डोळे पुसून चहा प्यायचे आणि मला बरं वाटायचं. आणि दहा-बारा दिवस झाले की तुझी वाट बघायला लागायचे. इतकी की पायऱ्या घासून काढायचे."

"म्हणजे मी घरी असलेला तुला नको होतो," तो म्हणाला. चिखलात फक्त डोळे दिसत होते, पण दुखावलेले स्पष्ट दिसत होते. "मार्चपासून."

"तू यायचास ते मला आवडायचं. आता तू येणार कुठून? तू गेलेलाच नसतोस."

डल्सीने टर्की या काखेतून त्या काखेत घेतली. कुणी तिच्याकडे बघितलं नाही.

अँब्रोज वळला आणि रस्त्याच्या कडेच्या एका दगडावर जाऊन बसला. त्यांच्याकडे पाठ करून, तळ्याकडे तोंड करून. क्लेटन त्याच्यामागे निघाला, पण फिलोमिनाने कोपराने त्याला अडवलं. हात रिकामे नव्हते.

व्हर्ना उठली. गुडघा कुरकुरला. ती पावसातून त्या दगडापाशी गेली आणि त्याच्या शेजारी टेकली. दगड दोघांना पुरेसा नव्हता.

"मलाही घरात काय करावं कळत नाही," तो म्हणाला. "जहाजावर घंटा झाली की काम असायचं. घरात सगळं माझ्यावाचून चालतंच. मी फळी लावली, तर तू रात्रीतून परत पहिल्यासारखी लावलीस."

"तू मीठ कोबीच्या लोणच्यामागे ठेवलं होतंस."

"अक्षरांप्रमाणे होतं."

"मीठ हाताशी लागतं, अक्षरांशी नाही."

त्याच्या खांद्यात किंचित हालचाल झाली. हसला असावा.

"कपांच्या आकड्यांनाही तू हात लावत नाहीस," तो म्हणाला.

"त्यांना मी टोप्या अडकवते. चांगले आहेत."

रस्त्यावरून एक मोठा ट्रक गेला आणि दोघांवर पाणी उडालं. अँब्रोजच्या गालावरचा थोडा चिखल त्यात धुऊन निघाला.

"मग मी काय करू?" त्याने विचारलं.

"गाडी घे आणि जा. पंधरा दिवस. जिकडे रस्ता जाईल तिकडे. मग घरी ये. पंधरा दिवस राहा. मग जा."

"आणि एकटा मी पंधरा दिवस करू काय?"

"जहाजावर काय करायचास?"

अँब्रोजने विचार केला. "इंजिन बघायचो. झोपायचो. पत्ते खेळायचो." मग तळ्याकडे बघतच, "तुझी आठवण काढायचो."

"मग तेच कर," व्हर्ना म्हणाली. "त्यात तुझा हात बसलेला आहे."

मागे गाडीपाशी डल्सी फिलोमिनाला काहीतरी सांगत होती. वारा फिरल्यामुळे ते इथवर ऐकू आलं.

"ती पायपेटी वाजवतेस तरी का तू?"

"कुठली. तिच्यात उंदीर झालेत. घेऊन जा तू."

"मला नको उंदीर."

"उंदीर काढून देते."

"आता ह्या दोघी एक झाल्या," अँब्रोज म्हणाला. "क्लेटन मेला."

टर्की शिजायला दुपार टळली. अर्धी अंमळ करपली, दुसरी आतून गुलाबी राहिली, ती परत घातली. खारवलेलं मांस आणि कोबी मात्र, फिलोमिनाच्या छातीशी इतका प्रवास होऊनही, अप्रतिम होते. पाच जण मांडीला मांडी लावून जेवले. झरोक्यातून धार येत होती तिथे भांडं ठेवलं होतं आणि ते भरलं की ज्याच्या हाताशी असेल तो बाहेर ओतत होता. क्लेटनने आपण होऊन मोबाइल काढला, आईसमोर सगळे फोटो पुसून टाकले. शेवटचा पुसताना म्हणाला, "उजेड खरंच चांगला होता." त्यावर व्हर्नासकट सगळे हसले.

मंगळवारी सकाळी अँब्रोजने कॅलगरीवाल्यांना फोन करून नाही म्हणून सांगितलं आणि फोन ठेवल्या ठेवल्या गाडीत डबे भरायला घेतले. झरोक्याला नवं रबर बसवलं. व्हर्नाने त्याला पाव, मुरंबा आणि उरलेल्या टर्कीचं सूप दिलं. दारात तो घुटमळला.

"खरंच जाऊ?"

"जा."

"रागावून नाही ना पाठवत?"

"रागावले असते तर तुझ्याबरोबर आले असते."

तो स्टिअरिंगवर बसला, उतरला, परत येऊन त्याने तिचा मुका घेतला. निवृत्त झाल्यापासून प्रथमच. मग पावाची लादी रंगवलेली ती गाडी चर्चजवळच्या वळणाआड गेली. व्हर्ना गरजेपेक्षा जास्त वेळ दारात उभी राहिली आणि आत आली.

संध्याकाळी ती कोंबड्या कोंडून येत होती तोवर फोन वाजायला लागला. धावत जाऊन तिने तो उचलला.

"डिअर लेकला पोचलो," अँब्रोज म्हणाला. मागे पेट्रोल पंपाचा आवाज येत होता. "इथे बर्फच पडतोय. एका ट्रकवाल्याने गाडी आतून बघितली. त्याला बिजागऱ्या आवडल्या. बंदरातल्याच कुणाचा तरी पुतण्या निघाला तो, सांगतो तुला कुणाचा." मग त्याने विचारलं, "तिकडे काय?"

व्हर्ना तोंडाशी आलेलं "काही नाही" म्हणणार होती. मार्चपासून तिला त्याला सांगण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, जे घडायचं ते तो समोर बसून बघतच असायचा.

"दुपारी मूस आला होता," ती म्हणाली. "मोठा थोरला, फावड्याएवढ्या शिंगांचा. कुंपण मोडून कोबीत उभा. मी झाडू घेऊन गेले."

"झाडू? मूसवर? मग?"

"मग तो माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे. एवढ्यात शेजारची एडना आली, रात्रीच्या झग्यात, हातात वल्हं घेऊन."

"थांब, थांब. एडना वल्हं घेऊन? सुरुवातीपासून सांग. तू कुठं उभी होतीस?"

व्हर्नाने पायाने खुर्ची ओढून घेतली आणि फोन दुसऱ्या कानाला लावून सुरुवातीपासून सांगायला लागली.